दीड तासाचं जेवण

आमचे हे सात मिनिटांत जेवायचे. सात म्हणजे सात. ताट समोर आलं की मान खाली, आणि मान वर झाली की ताट रिकामं. मधे काय घडलं ते त्यांच्या पोटालाच ठाऊक. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी हौसेनं विचारलं, "कसं झालंय?" तर म्हणाले, "झालंय." आणि हात धुवायला उठले. त्या दिवशी मी भांडी अशी आपटली, की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली. पुढे चाळीस वर्षं मी अधूनमधून तेच विचारत राहिले आणि उत्तरही तेच मिळत राहिलं.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात, काचेच्या बाटल्यांच्या. हे भट्टीपाशी मशिनवर, मी तपासणीत. उजेडाच्या पडद्यापुढून बाटल्या सरकत यायच्या, मिनिटाला साठ. ज्या बाटलीत बुडबुडा, चीर किंवा वाकडी मान दिसेल ती उचलून बाजूला टाकायची, हे माझं काम. डोळ्यात तेल घालून बसायचं. पापणी लवली तरी दोन बाटल्या निसटायच्या. त्यामुळे घाई माझ्याही अंगात मुरलेली होती, उगाच सगळं यांच्या माथी मारत नाही. मी स्वयंपाक करता करता उभ्यानंच खायची. मुलगा शाळेच्या पायऱ्यांवर खायचा. आमच्या घरात टेबल होतं, चार खुर्च्या होत्या, पण त्यावर वर्तमानपत्रं आणि इस्त्रीचे कपडे बसायचे.

मशिनवर माणसं दोन, हे आणि यांचा जोडीदार. सदतीस वर्षं तीच जोडी. दोघांच्या जेवणाला मिळून वीस मिनिटं. तेवढ्यापुरता एक बदली माणूस यायचा, पण तो कच्चा. त्याच्या भरवशावर मशिन सोडलं तर साच्यात काच अडकून सगळा घोळ व्हायचा. म्हणून एक जण भट्टीशेजारच्या खोलीत बसून जेवायचा आणि दुसरा त्याच खोलीच्या दारात उभा राहून मशिनवर नजर ठेवायचा. हात मागे बांधलेले, पाठ जेवणाऱ्याकडे. "आटप" असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, तशी पद्धतच नव्हती. पण दारातल्या त्या पाठीला भूक लागलीय हे जेवणाऱ्याला कळायचं. वाटणीनं यांच्या वाट्याला दहा मिनिटं यायची, हे सातच घ्यायचे. खात्यात यांचं नावच पडलं होतं, गिळोबा.

निवृत्त झाल्यावर चौथ्या वर्षी, एका सकाळी दात घासताना यांच्या तोंडातलं पाणी एका बाजूनं गळायला लागलं. मी म्हटलं, "अहो, सदऱ्यावर सांडताय." ते माझ्याकडे बघायला वळले आणि तसेच खाली बसले. अर्धांगाचा झटका. उजवा हात गेला, बोलणं जड झालं, आणि गिळणंही गेलं. गिळोबाचं गिळणं गेलं. हसावं की रडावं ते मला कळेना, म्हणून मी नर्सशी भांडले.

घरी सोडल्यावर आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या. गिळायला शिकवणं हेच त्यांचं काम. असलं काही काम असतं हे मला ठाऊकही नव्हतं. वयानं माझ्या मुलापेक्षा लहान, आवाज मऊ, पण शिस्त कारखान्याच्या वरताण. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "काकू, लहान चमचा, तोही अर्धा. घास दिला की काकांनी हनुवटी छातीकडे न्यायची. एकदा गिळायचं. मग घशात काही नसलं तरी परत एकदा गिळायचं. तुम्ही गळ्याकडे बघायचं, गाठ वर जाऊन खाली आली पाहिजे. मग त्यांना 'आ' म्हणायला लावायचं. आवाज कोरडा आला तर पुढचा घास. ओला, घरघरता आला तर थांबायचं, खोकायला लावायचं."

"आणि असं किती वेळ?"

"जेवण होईपर्यंत. तास, दीड तास."

"दिवसातून तीनदा?"

"हो, तीनदा. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून, चमच्यानंच. घाई झाली तर अन्न छातीत जाईल, काकू. या वयात ते छातीत गेलं की न्यूमोनिया. तीन महिन्यांनी एक्स-रेखाली गिळून बघू. जमलं तर तोंडानं खाणं चालू ठेवू. नाही जमलं तर पोटात नळी."

नळी म्हटल्यावर यांनी डोळे मिटून घेतले. मी बघितलं ते.

पहिला आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. अर्धा चमचा द्यायचा आणि बसून राहायचं. हे तोंडात घोळवतायत, घोळवतायत. माझा पाय टेबलाखाली नाचतोय. गॅसवर दूध, बादलीत कपडे, दाराशी कोण आलंय, सगळं मला तिथून ओढतंय. चौथ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "गिळा ना आता एकदाचं!" ते दचकले. ठसका लागला, चेहरा जांभळा झाला. पाठ थोपटता थोपटता माझ्या तोंडचं पाणी पळालं. दोन मिनिटांनी 'आ' कोरडा आला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले आणि स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. मग गॅस बंद केला. कपडे भिजत घातले होते ते तसेच राहू दिले. फोन कपाटात टाकला. आणि येऊन बसले.

त्या दिवसापासून मी जेवणाच्या वेळी दुसरं काही करायचंच नाही असं ठरवलं. टेबलावरचे इस्त्रीचे कपडे पलंगावर गेले. खिडकीकडची खुर्ची यांची, बाजूची माझी. आणि काय सांगू, बसायचंच आहे म्हटल्यावर बसणं जड जाईना. दुपारी खिडकीतून ऊन टेबलाच्या कडेवर यायचं आणि जेवण संपेपर्यंत यांच्या मनगटापर्यंत पोचायचं. त्या घरात मी तीस वर्षं राहिले. तिथं ऊन सरकतं हे मला माहीत नव्हतं.

एके दिवशी भोपळा शिजवून, गाळून, त्यात लोणी घालून मी दिला होता. यांनी घास घोळवला, हनुवटी खाली, एकदा गिळलं, परत गिळलं, "आ" झालं. मी दुसरा चमचा उचलला तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. जड जिभेनं म्हणाले, "गोड आहे."

"जास्त झाला का?"

"नाही. आधी लोण्याची चव येते. मग गोड."

मी चमचा खाली ठेवला. चाळीस वर्षांनी उत्तर आलं होतं. मला हुंदकाच फुटला. त्यांना कळेना काय झालं, त्यांना वाटलं भोपळा नासलाय.

तिथून ते बोलायला लागले. तोंडात घास असताना बोलायचं नाही हा बाईंचा नियम, त्यामुळे एका घासाला एक वाक्य. घास, गिळणं, गिळणं, "आ", आणि मग वाक्य. एकेक गोष्ट दोन-दोन जेवणं चालायची. एकदा म्हणाले, "तुला मी पहिल्यांदा बघितलं ते पडद्याच्या पलीकडून." मी उतावीळ होऊन घास दिला. गिळणं. गिळणं. "आ." "तुझं तोंड बाटल्यांतून हिरवं दिसत होतं." घास. माझा जीव टांगणीला. गिळणं. गिळणं. "मला वाटलं, आजारी आहे बिचारी." मी म्हटलं, "अहो, म्हणून केलंत होय लग्न?" हसू नका म्हणून बाईंनी बजावलेलं, तरी हसले. मग मी घाबरून त्यांच्या गळ्याकडे बघत बसले.

असंच एका दुपारी, बटाटा खाताना, त्यांनी मला सात मिनिटांचं सांगितलं. जोडीदाराच्या पोटात व्रण होता. भराभर खाल्लं की तो कळवळायचा, पण बोलायचा नाही. म्हणून यांनी आपल्यातली तीन मिनिटं त्याला दिली. यांची सात, त्याची तेरा. रोज, सदतीस वर्षं.

"त्याला माहीत आहे?"

घास. गिळणं. गिळणं. "आ." "नाही. तो मला हावरा समजतो."

"आणि घरी? घरी कोण उभं होतं तुमच्या डोक्यावर?"

 दोन घासांनंतर म्हणाले, "सवय सुटली नाही. तुझ्याबरोबर जेवायला पाहिजे होतं."

 मला राग आला होता, खूप. चाळीस वर्षं मी त्या माणसाचा सात मिनिटांचा हावरटपणा सहन केला, आणि तो हावरटपणा नव्हताच. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी भांडी आपटली नसती. पण राग आला तरी उठायची सोय नव्हती. "आ" म्हणायचं बाकी होतं. बसल्या बसल्या तो राग निवत गेला.

अडीच महिने झाले. यांचं वजन दोन किलोनं वाढलं. बाई खूश होत्या. एक्स-रेला पंधरा दिवस उरले असताना जोडीदार भेटायला आला, ऐन जेवणाच्या वेळी.

"भावजी, या. बसा," मी म्हटलं.

"नाही वहिनी, होऊ द्या त्याचं निवांत. मी उभाच बरा." मग यांना म्हणाला, "तू जेव रे, मी आहे इथं." आणि जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये म्हणून भला माणूस वळला, हात मागे बांधले, आणि दारात बाहेर तोंड करून उभा राहिला.

माझ्या लक्षात आलं नाही. साठ बाटल्यांतली चीर मिनिटात पकडणारी मी, आणि डोळ्यासमोरचं मला दिसलं नाही. मी म्हटलं, आलाय पाहुणा तर त्याला सरबत तरी करावं, आणि ओट्याकडे वळले. दहा-बारा पावलं झाली असतील. मागे चमच्याचा आवाज आला, टक, टक, टक. वळून बघते तो यांची मान खाली. डाव्या हातात चमचा. वाटीतला भात तोंडात कोंबतायत, एकावर एक. मी ओरडले. त्यांनी वर बघितलं आणि श्वास घेतला, आणि तो श्वास आत गेलाच नाही.

जोडीदार माझ्या आधी पोचला. पाठीत बुक्के मारून त्यानंच घास बाहेर काढला. पण जे खाली जायचं ते गेलं होतं. संध्याकाळपर्यंत ताप चढला. दवाखान्यात नेलं तेव्हा छाती भांड्यात पाणी उकळावं तशी वाजत होती.

नऊ दिवस ते दवाखान्यात होते. मुलगा माल पोचवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, फोन सतत वाजणारा, तो रजा टाकून आला. नवव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. वयस्कर माणूस, आडपडदा न ठेवता बोलणारा.

"या वेळी निभावलं. पण एक्स-रे बघितला, गिळणं आधीपेक्षा खालावलंय. पोटात नळी घालू. तिच्यातून सगळं देता येईल. दोन वर्षं, तीन वर्षंही काढतील."

"आणि तोंडानं?" मी विचारलं.

"तोंडानं काही नाही. नळी नको असेल तर तुम्हाला घरी खाऊ घालता येईल, जपून. पण पुढचा न्यूमोनिया आज ना उद्या येणार, आणि त्यातून ते उठणार नाहीत. महिने म्हणा. वर्ष म्हणवत नाही."

"नळी घाला," मुलगा म्हणाला. "यात विचारायचं काय?"

"तुमच्या वडिलांचं डोकं शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "मी त्यांना विचारलंय. ते नको म्हणतात. पण घरच्यांची सही लागेल."

मी खरं सांगते, मला नळी हवी होती. मला ते हवे होते. जेवोत न जेवोत, बोलोत न बोलोत, त्या खिडकीपाशी बसलेले हवे होते. मी त्यांची समजूत घालायची म्हणूनच त्यांच्या खाटेपाशी गेले. मुलगा माझ्या मागे.

"अहो, नळीला हो म्हणा," मी म्हटलं.

 त्यांच्या तोंडात घास नव्हता, तरी सवयीनं एकेक वाक्य सुटं सुटं आलं. "मला जेवायचंय."

"जगायचं नाही का?"

"तेच म्हणतोय."

मुलगा मधे पडला. "बाबा, दोन चमचे भातासाठी जीव देणार तुम्ही?"

 हे म्हणाले, "चाळीस वर्षं मी पोट भरलं. जेवलो अडीच महिने." थांबले. "तिच्याबरोबर."

मी बाहेर आले आणि सही केली. सही दुसऱ्या कुणाची वाटावी अशी आली. मुलगा जिन्यात मला म्हणाला, "आई, तू मारतेयस त्यांना." आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता. तो तसाच खाली उतरून गेला.

आम्ही घरी आलो. बाईंनी नवीन नियम घालून दिले: चमचा आणखी लहान, वाटी यांच्या हाताला लागणार नाही अशी लांब, आणि जेवताना घरात दुसरं माणूस आलं तर त्यानं बसायचं, उभं राहायचं नाही. शेवटचा नियम खरं तर मीच सांगितला होता. दवाखान्यात नऊ दिवस नुसतं बसून मला ती पाठ समजली होती.

जोडीदार मात्र येईना. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून बघितलं तर समोरच्या फुटपाथवर उभा. चौथ्या दिवशीही. मी चपला घालून खाली गेले.

"भावजी, काय चाललंय हे?"

"वहिनी, माझ्या पायगुणानं झालं. मी वर येत नाही."

"पायगुण कसला? तुम्ही दारात उभे राहिलात आणि त्यांना वाटलं, तुम्ही उपाशी आहात."

 मग मी त्याला तीन मिनिटांचं सांगितलं. सांगू नये असं यांच्या मनात होतं बहुतेक, पण माझ्या पोटात काही राहत नाही. सत्तरीचा माणूस, दुकानाच्या पायरीवर मटकन बसला. रुमाल काढून तोंडावर धरला. "मी त्याला गिळोबा म्हणायचो," म्हणाला. "ते नाव मीच पाडलं होतं, वहिनी."

मी त्याला दंडाला धरून वर आणलं आणि खुर्चीत बसवलं. त्याच्यापुढेही वाटी ठेवली, तोच मऊ भात, तेच दही. यांनी बघितलं आणि घास गिळून, "आ" म्हणून, म्हणाले, "पहिल्यांदाच बरोबर." खरंच होतं ते. सदतीस वर्षं एका मशिनवर, आणि दोघं एका वेळी एका टेबलाशी कधी जेवले नव्हते. त्यानंतर दर बुधवारी तो यायचा. यांच्या चालीनं जेवायचा, दीड तास. दोघं फारसं बोलायचे नाहीत. एकदा जोडीदार म्हणाला, "भट्टी बंद पडली म्हणे." यांनी तीन घास विचार केला आणि म्हणाले, "पडू दे."

ते दिवस सुखाचे होते. हे मी कुणाला सांगत नाही, लोकांना विचित्र वाटेल. पुढे काय वाढून ठेवलंय ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. प्रत्येक "आ"ला माझं काळीज थांबायचं आणि आवाज कोरडा आला की सुरू व्हायचं. तरी सुखाचे होते. सकाळी उठल्यावर मला एकच विचार असायचा, आज यांना काय द्यावं. सफरचंद शिजवून दिलं की ते आधी वाटीचा वास घ्यायचे. अंड्याचा पिवळा बलक फक्त, साय घालून. मी स्वतःही त्यांच्याबरोबर तेच, तितकंच हळू खायला लागले. चौसष्टाव्या वर्षी मला कळलं, की माझ्या हाताला चव आहे.

मुलगा फोन करायचा. माझ्याशी कामापुरतं बोलायचा, औषधं संपली का, डॉक्टर आले का. "ये रे एखाद्या रविवारी," मी म्हणायची. "बघतो, आई. सध्या माल अडकलाय." माल कधी अडकलेला नव्हता असं मला आठवत नाही. पण मला माहीत होतं, अडकला होता तो स्वतः. ती सही त्याच्या घशात होती.

दवाखान्यातून आल्यावरच्या आठव्या रविवारी तो आला. दारात उभा राहिला तशी मी म्हटलं, "आत ये आणि बस. उभं राहू नकोस." बसला. मी चमचा त्याच्या हातात दिला आणि त्याला सगळं समजावलं, हनुवटी, दोनदा गिळणं, "आ". त्याचा फोन दोनदा थरथरला. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा त्यानं तो बंद केला. पहिले दहा घास त्याचा पाय टेबलाखाली नाचत होता, अगदी माझ्यासारखा. मग थांबला.

बापानं त्याला एक गोष्ट सांगितली, घासाघासानं. "तू लहान होतास." घास. "माझ्या शेजारी जेवायला बसायचास." घास. "मी उठायचो तेव्हा तुझा दुसरा घास चालू असायचा." पोरगं चमचा धरून बसलेलं, बापाच्या गळ्याकडे डोळे लावून. गिळणं. गिळणं. "आ." "तू म्हणायचास, बाबा थांबा ना." घास. चमचा बरोबर अर्धाच भरत होता. "मी कधी थांबलो नाही." गिळणं. गिळणं. "आ." "आता थांबलोय."

 मुलानं वाटी शेवटपर्यंत संपवली, बापाचं तोंड पुसलं, आणि नियमाप्रमाणे पुढचा अर्धा तास ताठ बसवून त्यांच्याजवळ बसून राहिला. जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो."

पुढच्या रविवारी मालाची कुठलीशी गाडी रस्त्यात बंद पडली. त्याच्या पुढच्या रविवारी तो परगावी होता. दोन्ही वेळा यांनी दोन वाजेपर्यंत जेवण थांबवलं. तिसरा रविवार अकरावा. त्या दिवशी सकाळी "आ" ओला आला. खोकून झालं, परत "आ", परत ओला. दुपारी कपाळ तापलं. मुलाला फोन केला, तो धावत आला. डॉक्टर घरी येऊन बघून गेले, ठरल्याप्रमाणे दवाखान्यात न्यायचं नव्हतं. मंगळवारी सकाळी, ऊन टेबलापर्यंत पोचायच्या आत, ते गेले. शांतपणे गेले. माझा हात त्यांच्या गळ्यावर होता.

सगळं आवरल्यावर, येणारेजाणारे थांबल्यावर, मुलगा एका दुपारी आला आणि त्या टेबलाशी बसला. मी त्याला जेवायला वाढलं. त्यानं घास घेतला नाही.

"नळी घातली असती तर बाबा आज असते," म्हणाला.

मला वाटलं होतं हे कधीतरी येणार. उत्तर मी कितीतरी दिवस घोटून ठेवलं होतं, त्यांची इच्छा, डॉक्टरांचं म्हणणं, सगळं. ते बाजूला ठेवलं. खोटं कशाला बोलू?

"असते," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. भांडायला आला नव्हता तो. त्याचे डोळे यांच्या रिकाम्या खुर्चीवर होते. बराच वेळ तो बोटानं ताटाची कड चाचपत राहिला.

"अकरा रविवार होते, आई," म्हणाला. "भरवायला आलो तो एकच."

आयुष्यभर मी त्या पोराला बोलत आले, उशिरा आला म्हणून, घाईत आहे म्हणून, फोन घेत नाही म्हणून. त्या दिवशी मी माझी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि तो जेवायला लागेपर्यंत बसून राहिले.